तामलवाडीच्या आत ग्रुप फुटतोय? एकदा शेपटीला जाऊन बघा

लक्षण आधी सांगतो. पहाटे साडेपाचला चौदा जण सायकलवर सोलापुरातून तुळजापूरला निघतात. उळ्यापर्यंत सगळे एकमेकांना दिसत असतात. तामलवाडीचा टोल नाका येईतो पुढं पाच उरतात, मागं तिघांचा पुंजका आणि त्याच्या मागं एकेकटे. पुढचे पाच तुळजापुरात चहा संपवत असतात तेव्हा मोबाइल वाजायला लागतो. "मी परत फिरलो." "चेन पडली होती, कोण थांबलं नाही." "कुठं हाव बे सगळे?" पुढच्या रविवारी चौदाचे अकरा होतात, महिनाभरात सहा. मग कोणीतरी पुन्हा नवी मंडळी गोळा करतं, आणि त्यांचंही तेच होतं.

सोलापुरातल्या आमच्या ग्रुपचं असं दोन हंगाम चाललं. रूट ठरवणं आणि मेसेज टाकणं माझ्याकडं, त्यामुळं शिव्याही माझ्याच वाट्याला. खाली लिहिलंय ते त्यातूनच. तुमच्याकडं रोड बाइक, हायब्रिड, एखादी जुनी गियरवाली अशी सरमिसळ असेल, कोणाला २०० किलोमीटरची ब्रेव्हे (ठरल्या वेळात संपवायची लांब राइड) करायची असेल आणि कोणाला फक्त पोट कमी करायचं असेल, तर तुमचा ग्रुपही बहुधा याच कारणानं फुटत असणार.

आम्ही आधी केलेले उपाय सांगून टाकतो, म्हणजे तुमचे तेवढे रविवार वाचतील. पहिलं निदान सगळे करतात तेच होतं: काही लोकांना दम नाही. म्हणून "ए" आणि "बी" असे दोन ग्रुप केले. बी ग्रुप तीन आठवड्यांत मेला, कारण स्वतःला बी म्हणवून घ्यायला पहाटे पाचला कोण उठतंय? दुसरा उपाय म्हणजे मेसेजमध्ये ॲव्हरेज, म्हणजे ताशी किती किलोमीटर, ते लिहायचं. "२५ चा ॲव्हरेज, झेपत असेल तरच या." यानं परिस्थिती उलट बिघडली. का, ते आकड्यात बघा. तुळजापूर साधारण ४५ किलोमीटर. २५ च्या ॲव्हरेजनं १ तास ४८ मिनिटं लागणार. शहरातून बाहेर पडायचे आठ किलोमीटर सिग्नल, कुत्री, दुधाच्या गाड्या आणि खड्ड्यांतून १८ नंच होतात, त्यात २७ मिनिटं गेली. नाक्यावर कोणासाठी तरी तीन मिनिटं थांबलात. आता उरलेले ३७ किलोमीटर ७८ मिनिटांत करायचे, म्हणजे २८ च्या वर, आणि तेही शेवटी घाट असताना. म्हणजे मेसेज वाचून आलेला माणूस २५ ची तयारी करून येतो आणि हायवेला लागल्या लागल्या ३० चा वेग बघतो. पुढचा वेग दाखवणाऱ्या घड्याळातला ॲव्हरेज वर चढवायच्या मागं, मागचा कसाबसा जीव धरून. ॲव्हरेज हा आकडा घरी येऊन बघायचा असतो, मेसेजमध्ये लिहायचा नसतो. आता आम्ही "सपाटीवर घड्याळात २६ ते २८" असं लिहितो. हायवेवर डोळ्यांसमोर जो आकडा असेल तोच.

कारण सापडलं ते मात्र अपघातानं. एका शनिवारी मला जरा कणकण होती, म्हणून रविवारी ठरवून शेवटी राहिलो. माझ्या पुढं बँकेतून निवृत्त झालेले काका. वय साठीपार, पण रोजचं चालणं आणि खाणं शिस्तीचं. दर रविवारी तामलवाडीच्या आत सुटणारे पहिले तेच. त्या दिवशी त्यांच्या मागच्या चाकाकडं बघत वीस किलोमीटर गेलो आणि माझं निदान पार बदललं. सरळ रस्त्यावर काका आरामात होते. पुढचे २८ नं चाललेत, काकाही २८ नं, बोलतायत, मधेच बाटली काढून पाणी पितायत. मग पहिला रंबलर, म्हणजे वेग कमी करायला लावणाऱ्या उंच पट्ट्या, आला. पुढच्यानं ब्रेक लावला, त्याच्या मागच्यानं थोडा जास्त, त्याच्या मागच्यानं अजून थोडा. काकांपर्यंत येईतो लाट एवढी वाढली की त्यांना जवळपास थांबावंच लागलं. पट्ट्या ओलांडून त्यांनी मान वर केली तोवर पुढचा दीडशे मीटर गेला होता, परत आपल्या २८ वर. काका सीटवरून उठले, खांदे हलायला लागले, माझ्या घड्याळात ३६ दिसला. मिनिटभर असं मारून ते परत चाकाला लागले. श्वास ऐकू येत होता. दोन मिनिटांनी पुढं कॉंक्रीटचे डिव्हायडर ठेवलेलं वळण. परत तेच. मग उलट्या दिशेनं येणारा ट्रॅक्टर. मग पुढचा रंबलर.

मी मोजत गेलो. शहर सोडल्यापासून टोल नाक्यापर्यंत बारा वेळा. बाराव्या वेळी काका उठले नाहीत. नुसता हात हलवून म्हणाले, "तुम्ही व्हा पुढं."

त्या दुपारी तिघांचं रेकॉर्डिंग शेजारी शेजारी लावून बघितलं: सगळ्यात पुढच्याचं, मधल्याचं आणि काकांचं. पुढच्याची वेगाची रेघ उळ्यापासून तामलवाडीपर्यंत इस्त्री केल्यासारखी सपाट. काकांची रेघ करवतीसारखी. दोघांचा तिथवरचा ॲव्हरेज सारखाच, पण काकांनी बारा स्प्रिंट मारून तो मिळवलेला. हवा कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनात वाढते. २८ वरून ३६ वर जायला, आणि तेही पुढं कोणाचं चाक नसताना, हवेपुरती दुपटीहून जास्त ताकद लागते. ज्याला आपण "दम नाही" म्हणत होतो तो माणूस पुढच्यापेक्षा जास्त काम करून सुटत होता. आमच्यातल्या तरण्या पोरांना मुद्दाम शेवटी ठेवलं तेव्हा त्यातलाही एक तिसऱ्या रविवारी सुटला. मग मात्र सगळ्यांना पटलं.

तुमच्याकडं हे तपासायला काही यंत्र लागत नाही. ग्रुपातल्या सगळ्यात ताकदीच्या माणसाला एक रविवार शेपटीला ठेवा आणि किती वेळा सीटवरून उठावं लागलं ते मोजायला सांगा. पाचाच्या आत असेल तर तुमची भानगड दुसरी आहे, खाली वाऱ्याचं आणि वेळेचं लिहिलंय ते बघा. दहाच्या वर असेल तर हीच.

उपाय साधा आहे, पण अंगवळणी पडायला आम्हाला दीड महिना लागला. अडथळा ओलांडला की पुढच्यानं लगेच २८ धरायचा नाही. २० वर हलकं पेडल मारत राहायचं, शेवटचा "आले" म्हणून ओरडेपर्यंत. ती हाक एकेकानं पुढं पोचवायची. मागून हाक आली की मगच वेग, आणि तोही हळूहळू, पाच-सहा सेकंदात नव्हे. यात एका अडथळ्यामागं पंधरा-वीस सेकंद जातात. बारा अडथळ्यांचे मिळून चार मिनिटं. पूर्वी आम्ही तुळजापुरात मागच्यांची वाट बघत अर्धा तास बसायचो, तेव्हा हे चार मिनिटं कोणाच्या डोळ्यात खुपायला नकोत. तरी खुपतात. "माझा सेगमेंट गेला" (ॲपवर वेळ मोजली जाते तो रस्त्याचा तुकडा) म्हणणारा प्रत्येक ग्रुपात एक असतोच. त्याला घाट मोकळा सोडून द्या.

टोल नाक्याचं वेगळं सांगायला हवं. दुचाकीवाल्यांसाठी डावीकडं जी फट असते तिथून एकेक करून जावं लागतं आणि तिथं वाळू असते. पुढचे सुटले की मागचे वाळूत. आम्ही नाका ओलांडून सगळे डावीकडं पाय टेकतो, माणसं मोजतो आणि निघतो. मोजायचं म्हणजे खरंच आकडा मोठ्यानं म्हणायचा. नुसतं "सगळे आले ना?" विचारलं की सगळे "हो" म्हणतात, न आलेला सोडून.

दुसरं कारण पुढं असतं, आणि ते अडथळ्याएवढंच वाईट. पुढं राहायचा नंबर आला की माणसाच्या अंगात येतं. दुसऱ्या जागेवर असताना २७ नं आरामात चाललेला गडी पहिला झाला की दोन पेडलात ३१ करतो. त्याला वाटतं आपण ग्रुपसाठी मेहनत करतोय. मागं चाकाला चिकटून असणाऱ्याला हवेचा त्रास पाव ते एक तृतीयांश कमी असतो, हे खरं, पण तीन-चार सायकलींएवढी फट पडली की तो फायदा बराचसा संपतो. आणि फट पडते ती या चार किलोमीटरच्या उडीनं. आमचा नियम: दुसरा असताना घड्याळात जो आकडा होता तोच पहिला झाल्यावर धरायचा. ताकद जास्त असेल तर जास्त वेळ पुढं राहा, जास्त वेगानं नको. आणि ज्याला झेपत नाही त्यानं अर्धा मिनिट पुढं राहून कोपर हलवून खूण करावी आणि मागं यावं, किंवा यायचंच नाही, कोणी काही म्हणणार नाही. काका आता पुढं येतच नाहीत आणि तामलवाडीच काय, घाटाच्या पायथ्यापर्यंत आमच्याबरोबर असतात.

जोडीनं चालवताना अर्ध चाक पुढं काढत राहणारा हा याच जातीचा. शेजारचा बरोबरीला आला की हा परत अर्ध चाक पुढं. दोघांनाही कळत नाही आणि सगळ्या ग्रुपचा वेग चढत जातो. त्याला एकदाच स्पष्ट सांगायचं. मी सांगितलं, तो आठवडाभर रुसला, मग आला. जोडीनं चालवणं तसंही फक्त रिकाम्या रस्त्यावर. मागून ट्रक दिसला की शेपटीचा ओरडतो, "गाडी!" आणि सगळे एका रांगेत.

आता वारा. सोलापूरच्या आसपास सगळं उघडं माळरान. डोंगर नाही, झाडी नाही, रस्त्याच्या कडेला वेड्या बाभळी तेवढ्या. इथं वाऱ्याचा विचार न करता रूट ठरवणं म्हणजे ग्रुप फोडायची हमी. आम्ही एका जुलैत अक्कलकोटला गेलो होतो. जाताना सव्वा तास, सगळे खुशीत, ३१ चा ॲव्हरेज, फोटो, स्वामींचं दर्शन. येताना त्याच रस्त्याला दोन तास आणि वळसंगपासून पुढं ग्रुप नावाची गोष्टच उरली नव्हती. गणित असं: तुम्ही २५ नं चाललात आणि समोरून १५ चा वारा आहे, तर अंगावर हवा ४० ची येते. त्याच २५ साठी हवेपुरती ताकद अडीच पट लागते. जाताना पाठीवर घेतलेला वारा येताना व्याजासकट वसूल होतो, आणि तेव्हा पाय आधीच गेलेले असतात.

म्हणून नियम: वाऱ्याच्या तोंडावर जायचं, पाठीवर घेऊन घरी यायचं. पावसाळ्यात वारा पश्चिम-नैऋत्येकडून असतो. तेव्हा पुणे रोडनं सावळेश्वर, लांबोटी, मोहोळ करायचं नाहीतर मंगळवेढ्याच्या रस्त्याला लागायचं. दिवाळीनंतर वारा फिरतो, पूर्वेकडून-ईशान्येकडून येतो. तेव्हा हैदराबाद रोडनं बोरामणी, जमलं तर नळदुर्ग, नाहीतर अक्कलकोट. तुळजापूर उत्तरेला थोडं पूर्वेकडं झुकलेलं, त्यामुळं हिवाळ्यात बरं पडतं, पावसाळ्यात वारा आडवा लागतो. आडव्या वाऱ्यात मागच्याला चाकामागं आडोसा मिळत नाही, तो तिरका पुढच्याच्या बाजूला मिळतो. टीव्हीवरच्या शर्यतीत ते अख्ख्या रस्त्यावर तिरके पसरतात. आपल्याकडं तसं पसरलात तर मागून येणारी एसटी तुम्हाला सरळ करेल. अशा दिवशी आम्ही सहा-सहाचे दोन घोळके करतो, मधे पाचशे मीटर ठेवतो. आणि तिसरी गोष्ट, सकाळी सहाला पान हलत नसतं आणि नऊला वारा सुटलेला असतो. ऊन चढलं की वारा चढतो. उशिरा निघणाऱ्या ग्रुपला वारा आणि ऊन दोन्ही परतीलाच गाठतात.

त्यामुळं वेळेकडं येतो. सोलापुरात साडेपाच म्हणजे किती, यावर वेगळा लेख होईल. "निघालोय की" असा मेसेज येतो तेव्हा माणूस ब्रश करत असतो, हे मी स्वतः केलेलं आहे. पण उशिराचं खरं कारण आळस नव्हतं, जमायची जागा होती. आम्ही सगळ्या राइडला पार्क चौकात जमायचो, आणि जुळे सोलापूर, सैफुलकडचे लोक विजापूर रोडला जायचं असलं तरी आधी उलटे शहरात यायचे. मग तेच म्हणायचे, "मला घरावरूनच गाठा," आणि कोण कुठं गाठणार यात वीस मिनिटं. आता जमायची जागा रस्त्याप्रमाणं बदलते: विजापूर रोडला संभाजी तलाव, तुळजापूरला रूपाभवानीजवळ, पुण्याकडं जुना पुणे नाका, हैदराबाद रोडला मार्केट यार्ड. मेसेजमध्ये दोन वेळा लिहितो. एक "जमायची", एक "चाक फिरायची". दुसरी वेळ झाली की निघायचं, कलेक्टर यायचे असले तरी. दोन रविवार चौघांना खरंच सोडून गेलो, तिसऱ्यापासून कोणी उशिरा आलं नाही. वेळ उजेडाप्रमाणं ठरवा. जूनमध्ये पावणेसहाच्या पुढंमागं उजाडतं, जानेवारीत सातला. जानेवारीत साडेपाचला निघणार असाल तर मागचा लाल दिवा नसलेल्याला परत पाठवायचं, तिथं भिडस्तपणा नको. ऊसाचा हंगाम चालू असतो, आपल्या जिल्ह्यात कारखाने किती ते सांगायला नको. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, मागं रिफ्लेक्टर नाही, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. तो अंधारात दिसतो तेव्हा फार जवळ आलेला असतो. पडलेल्या ऊसाच्या कांड्यावरून पुढचं चाक घसरून आमच्यातल्या एकानं कॉलरबोन मोडून घेतलंय. त्यानंतर डिसेंबर-जानेवारीत आम्ही उजाडल्याशिवाय हायवेला लागत नाही.

कॅलेंडरही बघत जा. कोजागरीला सोलापूर-तुळजापूर रस्ता चालत जाणाऱ्या भाविकांनी भरलेला असतो आणि वाहतूक वळवलेली असते. त्या आठवड्यात तुळजापूरचं नाव काढायचं नाही. आषाढीच्या आधी पंढरपूरकडचे रस्ते तसेच. एवढं सगळ्यांना ठाऊक असतं, तरी एका वर्षी मी मेसेज टाकला होताच.

पंक्चरनं ग्रुप फुटतो तो मात्र चांगुलपणामुळं. एकाचं पंक्चर झालं की अर्धे थांबतात, अर्ध्यांना कळत नाही, थांबलेल्यातले चौघे फोटो काढत बसतात आणि दोघे कंटाळून परत जातात. आमचा ठराव असा: पहिल्या पंक्चरला सगळे थांबणार, दुसऱ्यापासून शेपटीचा आणि अजून एक एवढेच थांबणार, बाकीचे पुढच्या ठरलेल्या ठिकाणी. आणि प्रत्येकाकडं स्वतःच्या मापाची ट्यूब हवीच. सात जणांकडं रोड बाइकच्या, सातशे बाय पंचवीसच्या ट्यूबा होत्या आणि पंक्चर झालं साडेसत्तावीस इंची चाकाचं, असं बोरामणीला झालेलं आहे. तो गडी शेवटी वडापच्या टपावर सायकल टाकून आला.

एकाच माणसाचं परत परत पंक्चर होत असेल तर ट्यूबला दोष देऊ नका. हायवेच्या कडेला ट्रकच्या फुटलेल्या टायरचे तुकडे पडलेले असतात, त्यातली पोलादी तार केसाएवढी बारीक असते. ती टायरात रुतून बसते, बाहेरून दिसत नाही, आतून टोक डोकावतं. नवी ट्यूब घातली की दहा किलोमीटरनं परत. आमच्या मास्तरांचं एका सकाळी तीनदा झालं. मग टायर आतून उलटं करून रुमाल फिरवला, एका जागी धागा अडकला. नखानं निघेना, नेलकटरनं ओढून काढली. तेव्हापासून माझ्या किटमध्ये नेलकटर असतं. बोट फिरवू नका, रुमालच फिरवा. आणि पंक्चर जिथं झालं ती जागा व्हॉल्व्हपासून किती अंतरावर आहे ते ट्यूब टायरला लावून बघितलं की तार कुठं शोधायची ते लगेच कळतं. बाभळीचा काटा त्या मानानं सज्जन, निदान दिसतो तरी.

खाण्यापिण्यानं फुटणारा ग्रुप परतीच्या वाटेवर फुटतो. जाताना ठीक, येताना शेवटच्या पंधरा किलोमीटरमध्ये दोघं-तिघं गळतात, तोंड पांढरं, बोलणं बंद. हे दमाचं नव्हे, पोटाचं. दोन तासांच्या वर राइड असेल तर पहिल्या तासाच्या आत काहीतरी पोटात जायला हवं, भूक लागली नसली तरी. बाजारातल्या एनर्जी जेलच्या पुड्या ज्याला परवडतात त्यानं घ्याव्यात. आपल्याकडं शेंगापोळी आहे. गूळ, शेंगदाणे, चार तुकडे करून मागच्या खिशात, दोन दिवस टिकते, उन्हात वितळत नाही. मात्र कोरडी आहे, पाण्याबरोबर खा. पाणी तासाला एक बाटली, मार्चनंतर त्याहून जास्त. ओआरएसची मोठी पुडी एक लिटरसाठी असते, साडेसातशेच्या बाटलीत सगळी ओतली की खारट लागतं आणि माणूस पिणंच सोडतो. पारा चाळिशीच्या वर जाणाऱ्या महिन्यांत आम्ही साडेआठला घरी असतो. म्हणजे तुळजापूर बंद, तीस-पस्तीस किलोमीटरच्या छोट्या फेऱ्या. एप्रिलमध्ये नऊ वाजता हायवेच्या डांबरावर जो बाहेर आहे त्याला ट्रेनिंग म्हणत नाहीत.

आणि थांबा एकच, पंधरा मिनिटांचा. लांबोटीला चिवडा खायला बसलो आणि पन्नास मिनिटांनी उठलो, असं झालं की पाय आखडतात, पहिले पाच किलोमीटर सगळे वेगवेगळ्या वेगानं चालतात आणि तिथंच फट पडते. चिवडा बांधून घ्या.

ब्रेव्हेची तयारी करणाऱ्यांना एक वेगळं. २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात. म्हणजे थांबे धरून १५ च्या आतला ॲव्हरेज पुरतो. तुम्हाला रविवारी ३२ चा वेग सिद्ध करायची गरज नाही, चार-पाच तास एकाच लयीत चालवायची सवय हवी, आणि ती ग्रुपच्या मधे राहूनच लागते. वेगाची हौस बुधवारी एकट्यानं भागवा.

आमचा हल्लीचा मेसेज असा असतो. हवा तर उचला:

"रविवार. हैदराबाद रोड, बोरामणी आणि परत. जमायचं ६:००, मार्केट यार्ड. चाक ६:१०. सपाटीवर २६ ते २८. पुढं: डॉक्टर. शेपूट: मी. थांबा: परत फिरताना, १५ मिनिटं. स्वतःची ट्यूब, मागचा दिवा. घरी ८:३०. येणाऱ्यांनी शनिवारी रात्री नऊपर्यंत आकडा टाका."

यातला "आकडा टाका" महत्त्वाचा. आकडा माहीत नसेल तर टोल नाक्यावर मोजणार काय? आणि पुढचा-शेपटीचा दर आठवड्याला बदला. शेपटीला राहायला कोणी खुशीनं तयार होत नाही, म्हणून आम्ही पाळी लावलीय. जो एकदा शेपटीला राहून येतो तो पुढच्या वेळी पुढं असताना रंबलरनंतर आपोआप थांबतो, त्याला सांगावं लागत नाही. ग्रुपात नवा कोणी ताकदीचा आला की तिसऱ्या रविवारी त्याची पाळी ठरलेली.

तुळजापूरच्या घाटात मात्र ग्रुप धरायच्या फंदात पडू नका. चढावर वेग दहा-बारावर आला की चाकामागं राहून फारसं काही वाचत नाही, तिथं ज्याचं त्याचं वजन आणि ज्याचे त्याचे पाय. हळू चढणाऱ्याला जोर लावायला लावला तर तो वर पोचेल, पण परतीला उरणार नाही. पायथ्याला मोजायचं, सोडून द्यायचं, वर ठरलेल्या टपरीवर जमायचं. पहिला पोचणारा आणि शेपूट यांच्यात आमच्याकडं बारा-पंधरा मिनिटांचं अंतर पडतं. फक्त चहा शेवटचा आल्यावरच सांगायचा. आधी सांगितला तर काका पोचतात तेव्हा पुढचे हेल्मेट चढवत असतात, आणि मग उतारावर काका परत एकटे.